काचेतला घोडेस्वार

मामंजी, मागच्या महिन्यात मी तुमच्या मुलाला पाहून आले. इतक्या वर्षांनी तुम्हाला काही सांगायचं तर तिथूनच सांगते. भाच्याचं शहरात काम होतं. म्हणाला, "मामी, चला, तेवढंच फिरणं होईल." मी म्हटलं, येते, पण मला तिथलं म्युझियम दाखव. त्याला वाटलं, म्हातारीला हे काय सुचलं. मोठी इमारत आहे, गार फरशी, बोललं तरी घुमतं. तिसऱ्या दालनात, खिडकीजवळच्या कपाटात, टाकांच्या ओळीत ते होते. खाली छापील पाटी होती : घोडेस्वार वीर. चांदी. अठरावे शतक. सातारा-सांगली परिसर. उत्तम स्थिती. मी ती वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. तिथं गेल्यावर रडू येईल असं मला वाटलं होतं. आलं नाही. पाय दुखत होते तेवढं आठवतं.

आताच्या पोरांना टाक म्हणजे काय हेसुद्धा सांगावं लागतं. भाच्याला मी तिथंच उभ्या उभ्या सांगितलं. घरातलं माणूस गेलं की सोनाराकडून चांदीच्या पत्र्यावर त्याची प्रतिमा ठोकून घेतात, ती देव्हाऱ्यात बसवतात, सणावाराला जेवू घालतात. तेव्हा कुठं गेलेल्या माणसाला जागा मिळते आणि मागे राहिलेल्यांच्या जिवाला स्वस्थता. "मग मामांचा आपल्या देव्हाऱ्यात का नाही?" त्यानं विचारलं. पोरगा हुशार आहे. मी म्हटलं, तुझ्या आजोबांना विचार. आणि ते तर तुम्ही.

लग्न होऊन कोरेगावकडच्या आमच्या गावातून मी सांगलीत आले तेव्हा तुम्ही शाळेत ड्रॉइंग मास्तर होता आणि शाळेच्या माडीवर दोन खोल्यांत तुमचा संग्रह होता. संस्थानानं खोल्या दिल्या होत्या, कपाटं दिली होती, बाकी सगळी हौस तुमची. रविवारी सायकल काढून तुम्ही खेडी पालथी घालायचा आणि संध्याकाळी कॅरियरला काहीतरी बांधून आणायचा. कधी पितळी दिवा, कधी गंजिफांची, त्या जुन्या गोल पत्त्यांची, पेटी, कधी मोडीतून वाचवलेला टाक. आत्याबाई, माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "आलं बगा भंगारवालं." तुमचा मुलगा लग्नानंतर रजा संपवून पलटणीत परत गेला होता आणि मी स्वयंपाकघरात नुसती पाटावरून उठत-बसत होते. एकदा वाण्याच्या चिठ्ठीवरचं माझं अक्षर तुम्ही पाहिलंत आणि आत्याबाईंना म्हणालात, "सूनबाईचं अक्षर छापल्यासारखं आहे. ते भाकऱ्यांत वाया घालवू नका." आत्याबाईंनी परातीतून मान वर केली नाही. "आनि भाकरी काय आपआप हुतीय व्हय?" पण दुसऱ्या दिवसापासून दुपारी मी माडीवर येऊ लागले.

तुम्ही मला शिकवलंत ते अजून हातात आहे. वस्तू दोन्ही हातांनी उचलायची. मागच्या बाजूला, कुणाच्या नजरेला येणार नाही अशा जागी, पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका द्यायचा, तो वाळला की काळ्या शाईनं आकडा घालायचा. आकडा पडला की ती वस्तू कुणा एकाची राहत नाही, असं तुम्ही म्हणायचा. देवळातल्या मूर्तीसारखंच ते तुमच्या लेखी होतं. आकडे मी घालत असे. एकदा कामाच्या नादात मी ओटीतला गूळ खाल्ला आणि सकाळी पाहते तर मुंग्यांची रांग खिडकीतून थेट गंजिफांच्या पेटीपर्यंत. तुम्ही ओरडला नाहीत. संथ, शांत आवाजात म्हणालात, "सूनबाई, इथल्या वस्तूंना भूक नसते. या खोलीत भूक असलेली वस्तू एकच आहे, तिनं बाहेर जाऊन खावं." मला हसू आलं आणि लाजही वाटली. त्यानंतर मी माडीवर कधी काही खाल्लं नाही.

कुंडलची बाई आली ती त्याच हिवाळ्यात. तुम्हाला ती आठवत असणारच. त्या दिवसांत तिकडं भूमिगतांच्या शोधात पोलिसांचा फार सुळसुळाट होता, म्हणून रस्ता सोडून रानारानानं चालत आली होती, लुगड्याला कुसळं चिकटलेली. तिच्या सासऱ्याचा टाक तिच्या दिरानं वाटणीच्या भांडणात तुम्हाला देऊन टाकला होता. तुम्ही तिला खुर्ची दिलीत. ती खाली बसली.

"आवं मास्तर, त्यो आमचा म्हातारा द्या माघारी," ती म्हणाली. "दिराला काय कळतंय. त्यो हितं उपाशी हाय."

तुम्ही तिला कपाटापाशी नेलंत. समजावून सांगितलंत, तुम्ही कुणाचीही हिडीसफिडीस केली नाहीत कधी. "बाई, हा बघा, नाक अर्धं गेलंय. तुम्ही बायका चिंच लावून, राखेनं घासून घासून देवांचे चेहरे सपाट करता. आणखी दहा दिवाळ्यांत हा नुसता पत्रा राहील. इथं तो जसा आहे तसा राहील."

"झिजू द्या की," ती म्हणाली. "आमच्या हातानंच झिजतोय न्हवं? आमचाच हाय त्यो."

"नंबर पडलेली वस्तू बाहेर जात नाही, बाई. माझ्या हातात नाही ते."

खरं तर ते तुमच्याच हातात होतं. नियम तुम्ही केला होता, किल्ली तुमच्या कंबरेला होती. पण मला त्या वेळी तुमचंच बरोबर वाटलं. मी शिकलेली, माडीवर बसणारी, माझ्या मनगटावर शाईचे डाग. त्या बाईनं भाकरीचा चतकोर पदरातून काढून काचेपुढे ठेवला, हात जोडले आणि ती जिना उतरली. तुम्ही तो चतकोर उचलून खाली गायीला घातलात. "मुंग्या येतील," म्हणालात, कुणाला उद्देशून कोण जाणे.

तार आली तेव्हा मी जात्यावर होते. तारेत मेला असं नव्हतं, बेपत्ता असं होतं. मग लांबचं पत्र आलं, इंग्रजीतलं, तुम्ही ते वाचून सांगितलंत. इटलीत नदी ओलांडताना लॉरी वाहून गेली, शोध घेतला, सापडले नाहीत, आता जिवंत असण्याची शक्यता धरू नये. माझं त्यांच्याबरोबर राहणं सगळं मिळून एका रजेचं. लोक यायचे, बायका गळ्यात पडून रडायच्या, आणि मी त्यांच्या खांद्यावरून अंगणातल्या दोरीकडं बघत राहायचे, कपडे वाळले का म्हणून. माझ्या आत काही हललं नाही. मला वाटायचं, उद्या हलेल. शेजारणी म्हणाल्या, पोरगी दगड आहे. आत्याबाईंनी त्यांना दारातूनच परतवून लावलं. तेवढ्यासाठी मी आत्याबाईंचं सगळं पुढलं बोलणं सोसलं.

लढाई संपली. मलकापूरची, कराडची, आमच्या गावची पोरं ट्रंका घेऊन परत आली. वर्ष झालं तशी आत्याबाईंनी टाकाची गोष्ट काढली. "पोराला बसायला जागा नगं व्हय? किती दिस असं भाईर ठिवायचं?" तुम्ही टाळलंत. पुन्हा टाळलंत. शेवटी आत्याबाई स्वतःच सोनाराकडे गेल्या, मला बरोबर घेऊन. सोनारानं आपला जुना ठसा काढला, त्याच्या पणज्याच्या वेळचा, त्यावर हातात भाला घेतलेला घोडेस्वार. मी म्हटलं, ते लॉरी चालवत होते. घोड्याला तर ते भीत, लहानपणी टांग्याच्या घोड्यानं चावलं होतं म्हणून. सोनारानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "वैनी, लढाईत गेला तो वीर, आनि वीर म्हंजी घोड्यावरच. मोटारीचा ठसा मी कुठनं आनू?" आत्याबाई म्हणाल्या, "ठोक बाबा. तिकडं गेल्यावर शिकंल घोड्यावर बसायला." आणि पदर तोंडाला लावला.

टाक घरी आला. देव्हारा सारवून-पुसून तयार, नैवेद्याला पुरण शिजलेलं. तुम्ही शाळेतून आलात, ती चांदी तळहातावर घेतलीत आणि खिडकीशी गेलात. तुम्ही कुठलीही नवी वस्तू खिडकीशीच नेऊन बघायचा. मग म्हणालात, "हा इथं बसवायचा नाही."

"म्हंजी?"

"देव्हाऱ्यात बसला की तो गेला. मग परतीची वाट नाही. त्यांनी सापडला नाही असं लिहिलंय, मेलेला पाहिला असं कुणीही लिहिलेलं नाही. काचेत राहू दे. तिथं ती नुसती वस्तू आहे. आला तर त्याच्यासमोर वितळवू."

आत्याबाई तुम्हाला काय काय बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. तुम्ही ऐकून घेतलंत आणि टाक रुमालात गुंडाळून जिना चढलात. मी मागोमाग आले, कारण मला वाटलं तुम्ही पडाल. माडीवर तुम्ही कपाट उघडलंत, टाक ठेवायला हात आत घातलात आणि थांबलात. आकडा नसलेली वस्तू कपाटात ठेवायची नाही हा तुमचा नियम. आयुष्यभराची सवय, मामंजी. दुसरा कुणी असता तर त्यानं तो टेबलाच्या खणात टाकला असता, कोटाच्या खिशात ठेवला असता. तुम्ही पांढरा रंग काढलात, कुंचला काढलात. तुमचा ठिपका टाकाबाहेर गेला. मग तुम्ही कुंचला माझ्याकडं दिलात. मी ठिपका दिला, वाळेपर्यंत फुंकर घातली, आकडा घातला. चांगला आला. इतका नीट आकडा मी आधी किंवा नंतर घातलेला आठवत नाही. माझ्या नवऱ्याच्या पाठीवर मी आकडा घातला आणि मला काही वाटलं नाही. आता कधीकधी त्या न वाटण्याचाच राग येतो. तुमच्यावर येतो की माझ्यावर, ते कळत नाही.

घरी देव्हाऱ्यात एक जागा मोकळीच राहिली. मी एकदा म्हटलं, आत्याबाई, दुसरा करून घेऊ. त्या म्हणाल्या, "एका जिवाचं दोन टाक करत न्हाईत. कुटं बसावं त्यानं मग?" दर सणाला त्या मोकळ्या जागेपुढे पान मांडायच्या आणि तुमच्याशी त्या दिवशी बोलायच्या नाहीत.

कुंडलची बाई पुन्हा आली ती त्यानंतर. तुम्ही वर्गावर होता. माडीवर मी एकटीच. तिनं या खेपेला शेतातल्या शेंगा आणल्या होत्या, मन वळवायला. काचेपाशी जाऊन तिनं आपल्या म्हाताऱ्याला हात जोडले आणि मग शेजारच्या चकचकीत चांदीवर तिची नजर अडली.

"ह्यो नवा कुणाचा?"

"मास्तरांच्या मुलाचा," मी म्हटलं. "माझ्या मालकांचा."

तिनं माझ्या कपाळाकडं पाहिलं, हातांकडं पाहिलं. मी लढाईची गोष्ट सांगितली, लॉरीची, नदीची. माझं बोलणं तिला कसं वाटलं असेल देव जाणे, मी वाण्याची चिठ्ठी वाचावी तसं सांगितलं.

"आनि मास्तरनं सोताच्या पोरालाबी हितंच ठिवलं?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. "मंग राहू द्या. पोरगं नवं हाय. आमचा म्हातारा बसंल सोबतीला. म्हाताऱ्याला लय बोलायचा नाद." आणि शेंगा माझ्या ओटीत ओतून ती निघाली. जिन्यावरून तिनं एवढंच विचारलं, "तुमी तरी जेवता न्हवं, पोरी?" तो म्हातारा मागायला ती परत आली नाही. तुम्हाला मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही फळा पुसल्यासारखा तोंडावरून हात फिरवलात आणि संध्याकाळी जेवला नाहीत.

मग संस्थान विलीन झालं. मोठ्या गाडीतून माणसं आली, गवत आणि खोकी घेऊन. संग्रह आता सरकारचा, शहरात नेणार, तिथं तो नीट राहील, असं त्यांनी सांगितलं. तुम्ही त्यांना चहा पाजलात. तुमचंच बोलणं ते तुम्हाला ऐकवत होते, शब्दसुद्धा तेच. आत्याबाई कधी शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, त्या दिवशी त्या जिन्यापर्यंत आल्या. वर आल्या नाहीत. खालूनच म्हणाल्या, "आवं, आता तरी काडा माज्या पोराला भाईर. कुनाला कळनार हाय?"

कपाट उघडंच होतं. ती माणसं दुसऱ्या खोलीत गंजिफा बांधत होती. मी तुमच्या शेजारी उभी. तुमचा हात टाकावर गेला. मग तुमची नजर शेजारच्या टाकावर गेली, त्या अर्ध्या नाकाच्या म्हाताऱ्यावर. तुम्ही काय विचार केलात ते मला नेमकं ठाऊक आहे. आपला काढायचा तर तोही काढायला हवा, आणि तो काढायचा तर त्या बाईला तेव्हा नाही का म्हटलं? किती वेळ उभे होता तुम्ही. तेव्हा मी तुमचा हात धरून टाक माझ्या कमरेला खोचला असता तर तुम्ही मला अडवलं नसतंत. मी तसं केलं नाही. मी तुमच्या तालमीत तयार झालेली. "नंबर पडलाय," तुम्ही म्हणालात, आणि दोघांना एकाच खोक्यात गवतात ठेवलंत, म्हाताऱ्याला खाली, पोराला वर.

त्यानंतर तुम्ही फार दिवस काढले नाहीत. रिकाम्या कपाटांना किल्ली लावायला माडीवर जायचा, तेवढंच. मी मुलींच्या शाळेत लागले, शिकवलं, रिटायर झाले. तुमचा टाक आत्याबाईंनी लगेच करून घेतला, त्याच सोनाराकडून, आणि त्याच दिवशी देव्हाऱ्यात बसवला. काच नाही, आकडा नाही. आत्याबाई गेल्या, त्याही तुमच्या शेजारी बसल्या. तुम्हा दोघांना मी दर सणाला चिंच लावून राखेनं घासते. तुम्हाला सांगायला हरकत नाही, तुमचं नाक गेलं आहे, मिशा गेल्या आहेत, आता डोळ्यांच्या जागी दोन खळगे तेवढे राहिलेत. आत्याबाईंच्या नथीचा ठिपका अजून लागतो अंगठ्याला. तुम्हा दोघांसाठी माझं रडून झालं आहे, कधीच, आता तुमची आठवण आली तर हसूसुद्धा येतं. त्यांच्यासाठी मात्र नाही. ते जसे होते तसे राहिले. उत्तम स्थिती.

म्युझियममध्ये काम करणारी एक मुलगी होती, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. मी इतका वेळ एकाच कपाटाशी का उभी म्हणून ती जवळ आली. मी म्हटलं, पाटी चुकली आहे, हा अठराव्या शतकातला नाही, हे माझे मालक. ती हसली नाही. तिनं मला स्टूल आणून दिलं. सगळं ऐकून घेतलं आणि संकोचून म्हणाली, "आजी, पुरावा काही?" मी म्हटलं, मागच्या बाजूला आकडा आहे, तो माझ्या हातचा. तिनं हातमोजे घातले, कपाट उघडलं, टाक उलटा केला. पांढरा ठिपका पिवळा पडलाय, पण आकडा तस्साच. तिनं मला कागद दिला, मी तोच आकडा पुन्हा काढून दाखवला. तिचे डोळे भरून आले, माझे नाही. म्हणाली, हल्ली लोक अशा वस्तू परत मागतात, वरच्या लोकांची बैठक बसते, कधी देतात, कधी नाही, पण अर्ज करा, निदान पाटी तरी मी बदलून घेईन. अर्जाचा कोरा कागद आणायला ती आत गेली. जाताना टाक तिनं मऊ कापडावर माझ्यासमोर ठेवला. भाचा बाहेर पाणी प्यायला गेला होता.

तो कागद इथं ट्रंकेत आहे, कोरा. भरावा की नाही ते ठरत नाही. कुंडलचा म्हातारा त्यांच्या शेजारीच आहे, अजून अर्ध्या नाकाचा, आणि त्याच्यासाठी अर्ज करायला कुणी येईल असं वाटत नाही. मला आता त्यांचा खरा चेहरा आठवत नाही, मामंजी, डोळे मिटले की तो भालेवाला येतो. ही चिठ्ठीही कुठं पाठवणार? लिहून झाली की चुलीत घालीन.

पण एक सांगायचं राहिलं. ती मुलगी आत गेली तेवढ्यात मी पदराची गाठ सोडली. गाठीत गुळाचा खडा होता. भाच्याला मी सांगितलं होतं की प्रवासात मळमळतं म्हणून घेतलाय, ते खोटं होतं. तो मी त्यांच्या तोंडाला लावला, अंगठ्यानं जरा जोर देऊन चोळला, आणि बोटाला उरलेला शेजारच्या म्हाताऱ्यालाही लावला, उघड्या कपाटात हात घालून. मग ती मुलगी आली आणि दोघांवर काच बंद झाली. तुमच्या कपाटाला मुंग्या लागल्या असतील.